दिव्याखालचे अकरा गोल

ता. ४ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. विनंती नेहमीचीच आहे, आणि विशेष म्हणजे आपण पुन्हा हरलो.

हा सलग नववा सामना. भाऊजी हे वाचून हसणार मला माहीत आहे, खुशाल हसू देत. त्यांना काय कळणार, ते शब्दकोडं सोडवणारे. शब्दकोड्याने कधी कुणाला भर गॅलरीत सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलेली नाही. आमच्या संघाची पुढची फळी म्हणजे बस चुकलेल्या माणसांची रांग आहे गं! चेंडू समोरून जातो, हे बघतात, आणि मग एकमेकांकडे बघतात. कोच बाकावर बसून नखं खातो. पण या सगळ्यांना मी माफ केलं. ज्याला करू शकत नाही तो आमचा गोलकीपर, लंबू.

तुला आठवतं ना, तीन वर्षांपूर्वी मी दोन-दोन पानं त्याच्यावरच लिहायचो? साडेसहा फुटांचं पोरगं, हात पसरले की गोल दिसायचाच नाही. चष्म्याच्या दुकानात त्याचा फोटो लावला होता, अक्षरांच्या तक्त्याच्या बरोबर वर. तुझी वहिनी म्हणाली होती की लोकांनी नंबर काढून घ्यायचा की याचं दर्शन घ्यायचं. तो फोटो काल मी उतरवला.

माझी सामन्यांची वही तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही आणि ही वही एकाच खणात असतात, म्हणून तर परवा एका बाईंना त्यांचा नंबर शून्य-तीन सांगून बसलो. तर काल रात्री जेवण झाल्यावर वही काढली आणि सगळे गोल मांडले. यंदा आपण चौदा गोल खाल्ले. त्यातले तीन दिवसाच्या सामन्यांत. उरलेले अकरा संध्याकाळच्या सामन्यांत, यंदाच बसवलेल्या त्या फ्लडलाइटखाली. आणि ऐक, अकराच्या अकरा त्याच्या डाव्या हाताला, उंचावरून आलेले! तोच हात, तीच बाजू, तीच वेळ. याला काय योगायोग म्हणायचं? संध्याकाळचे सामने मोठे, त्यांच्यावरच पैजा लागतात. मी काही दुधखुळा नाही.

सोबत वर्तमानपत्राच्या ‘वाचकांची पत्रं’साठी मजकूर धाडतो आहे. यादी दिली आहे आणि शेवटी स्पष्ट लिहिलं आहे की हा माणूस विकला गेला आहे, कुणी घेतला ते क्लबने शोधावं. तू नेहमीसारखं टाइप करून तिथल्या कचेरीत पोचतं कर. माझं अक्षर संपादकाला लागत नाही हे तूच म्हणतेस. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं राहू दे.

कळावे. माझा संघावरचा उडाला असला तरी तुझा माझ्यावरचा लोभ टिकून राहावा.

तुझा,
धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आणि थोडं थंड पाणी.

तुझं पाकीट आलं तेव्हा हे शब्दकोड्याच्या शेवटच्या चौकटीत अडकले होते. तुझं पत्र मी त्यांना वाचायला दिलं तर कोडं बाजूला ठेवून हसत सुटले. म्हणाले की बस चुकलेल्या माणसांची रांग हे छान आहे, ते ठेव. बाकी तुझं अक्षर खरंच सुधारत नाही रे. डॉक्टरांची चिठ्ठी परवडली. ‘गोल’ आणि ‘गेला’ यांतला फरक मला संदर्भाने लावावा लागतो.

तर, कागद टाइप झाले, पाकिटात गेले आणि पोस्टातही पडले. आता तू शांत झोप. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतोस का? वहिनीला विचारून लिही, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

एकच विचारते. तुझी यादी टाइप करताना माझ्या मनात आलं की दिव्याखालीच का रे? आणि डावीकडेच का? विकलेल्या माणसाला उजवीकडून गोल सोडायला कुणी बंदी केली आहे का? उलट मी विकली गेले असते तर कुणाला संशय येऊ नये म्हणून एक इकडून सोडला असता, एक तिकडून. पण मला यातलं काय कळतं, मी आपली टायपिस्ट. सदतीस वर्षं साहेबांच्या नोटिसा टाइप केल्या, त्यातली एकसुद्धा कधी मला पटली नव्हती, तरी केल्या.

फोटो परत लाव. भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन उमटला असेल, तो वाईट दिसतो.

कानांचं आहे तसंच आहे. फोन वाजलेला कळत नाही, कळला तर पलीकडचं कळत नाही, म्हणून तुझी पत्रंच बरी. वहिनीला माझा नमस्कार आणि तुझ्याशी संसार करते म्हणून वेगळा एक.

तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार जरा ऐटीत घे, कारण तुझ्या भावाने गाव हलवून सोडलं आहे.

पेपर पाहिलास ना? सलग तीन दिवस पहिल्या पानावर! ‘लंबूचे हात कुणी बांधले?’ असा मथळा, खाली तो पडलेला असतानाचा फोटो, आणि दुसऱ्या दिवशी काय छापलंय, की एका जाणत्या प्रेक्षकाने आमच्याकडे सामन्यांची यादीच पाठवली आहे. जाणता प्रेक्षक म्हणे! नाव दिलेलं नाही, पण ते चालेल, नावासाठी मी लिहीत नाही. तरी तो अंक घेऊन शेजारच्या केशकर्तनालयात गेलो आणि बोट ठेवून दाखवलं की हा मी. कारागिराने अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून पेपर वाचला. मग काय, दिवसभर दुकानात येईल तो चष्म्याचं सोडून लंबूचंच विचारत होता. रेडिओवर चर्चा झाली. एक जुना कप्तान म्हणाला की आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांच्या वेळीसुद्धा आपण हरतच होतो, माझ्याकडे वही आहे!

क्लबने जाहीर केलं आहे की पंधरा मार्चला कमिटी बसणार आणि लंबूला समोर बोलावून जाब विचारणार. तोवर त्याला संघाबाहेर ठेवलंय. गुन्हा ठरला तर कायमचा बाहेर, दुसरा कुठला क्लबही मग दारात उभं करणार नाही.

एवढं सगळं माझ्या मनासारखं झालं, आणि तरी एक गोष्ट तुला सांगतो. काल भाजी घ्यायला गेलो होतो. लंबूची आई तिथे होती, शाळेत शिपाई आहेत त्या. कुणीतरी मागून मोठ्याने विचारलं की पोराने किती घेतले. बाईंनी हातातली मेथी परत टोपलीत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेल्या. मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

खरं ते खरं, असं मी मनाला सांगतो आहे. फोटो अजून लावलेला नाही. पांढरा चौकोन मात्र तू म्हणालीस तसाच आहे, डोळ्यांत खुपतो.

कळावे. गोळ्या घेतो. लोभ जरा वाढवून दे, सध्या घरात मिळत नाही.

तुझा,
धाकटा


ता. २६ फेब्रुवारी

ताई,

नमस्काराचं सगळं मनात धर, घाईत लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच पण वाचच.

आज दुपारी शटर अर्धं ओढून डबा उघडला होता. एक माणूस वाकून आत आला. टोपी कानांपर्यंत, गळ्यात मफलर, या उकाड्यात! सरळ उभा राहिला तेव्हा टोपी पंख्याला लागायची राहिली. कोण होता ते मी लिहिणार नाही. त्याने मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही आणि माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाचे डोळे ही त्याची खाजगी गोष्ट असते. पण तू काही खुळी नाहीस.

त्याने फक्त एवढंच सांगितलं की डोळे बघा. खुर्चीत बसवलं. उजवा डोळा झाकणाऱ्या पट्टीखाली गेला आणि डाव्याने तक्ता वाचायला सांगितलं. तिसऱ्या ओळीत अडखळला. मग म्हणाला की प्रत्येक अक्षराला सावली दिसते, शेपूट असल्यासारखी. मी खोलीतला दिवा घालवला आणि एकच छोटा बल्ब लावून विचारलं की किती दिवे दिसतात. ताई, तो म्हणाला की तीन, चार, आणि त्यांच्याभोवती पिसारा.

मी बॅटरी उचलली. डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. डाव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा गोल राहिलेला नाही, टोकदार होत चालला आहे. बत्तीस वर्षांत असे नऊ डोळे पाहिलेत मी. दिवसा अशा माणसाचं बरं चालतं, उजवा डोळा सांभाळून घेतो. अंधार पडला, डोळ्यातली बाहुली मोठी झाली, समोरून झगझगीत दिवे आले की संपलं सगळं. त्याला डावीकडून एक चेंडू येताना तीन दिसतात गं! तो बिचारा मधला धरायला जातो.

अकरा गोल. दिव्याखाली, डावीकडून, उंचावरून. मी स्वतः मांडले होते, माझ्या हाताने, माझ्या दुकानात, अक्षरांच्या तक्त्याखाली बसून. दुसऱ्या कुणी ती यादी आणून मला दाखवली असती आणि सांगितलं असतं की एका माणसाचं असं होतं, तर मी चहाचा घोट घेता घेता सांगितलं असतं की त्याचा डावा डोळा तपासा. आणि मी काय लिहिलं? की तो विकला गेला आहे.

त्याला वाटतं की डोळ्याचं कळलं तर क्लब कायमचा काढून टाकेल, म्हणून गेले सहा महिने तो गप्प आहे. विकला गेलो म्हटलेलं चालेल, आंधळा म्हटलेलं नको, असं म्हणाला. चोवीस वर्षांचं पोर आणि असं म्हणाला. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. कडक कॉन्टॅक्ट लेन्सने बहुतेकांचं काम होतं. होईल याचंही, पण त्याच्या नावाचं काय? ते तर मी आणि माझ्या वहीने मातीत घातलं.

ताई, काहीही कर. त्या कचेरीत स्वतः जा, संपादकाला भेट, सांग की तो जाणता प्रेक्षक मूर्ख होता आणि त्याचं पत्र मागे घ्या. माझं नाव छापा म्हणावं. गोळी घेतली तरी चैन नाही. वहिनीला सगळं सांगितलं नाही पण तिला कळलं असावं, आज तिने न मागता पाणी आणून दिलं.

धाकटा


ता. २ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आधी खाली बस. बसलास? पाणी पी. मग पुढे वाच.

तुझं पत्र वर्तमानपत्राकडे गेलेलंच नाही.

हो. पुन्हा वाच हवं तर. तो जाणता प्रेक्षक तू नाहीस. वही घेऊन गॅलरीत बसणारा रिकामटेकडा गावात तू एकटाच, असं वाटलं का तुला? मी काल त्या कचेरीत गेले होते, तिथला एक लेखनिक माझ्या जुन्या ओळखीचा आहे. त्याने पत्रांचा गठ्ठा दाखवला. तशा याद्या पाठवणारे चार जण निघाले, एकाने तर रंगीत पेन्सिलींनी आखून पाठवली आहे. पेपराने काय केलं ते त्यांचं पाप. तुझ्या डोक्यावर त्यातलं काही नाही.

आता रागावून घे, कारण मी आणखी एक सांगणार आहे. गेली अकरा वर्षं तुझं एकही पत्र मी तू लिहिलंस तसं पाठवलेलं नाही. तू पंचाला गाढव लिहिलंस, मी ‘पंचांचा निर्णय चर्चेस पात्र आहे’ केलं. कोचच्या नखांबद्दलचं तर मी दर वेळी काढते. जी पत्रं कशानेच सुधारण्यासारखी नव्हती ती माझ्या कपाटात आहेत. छापून आलं की तू कात्रण डकवतोस आणि मला लिहितोस की बघ कसं झणझणीत झालंय. मला हसू यायचं पण सांगवलं नाही. तुझा राग खरा असतो रे, पण तो तीन दिवसांचा असतो. छापलेलं तीन दिवसांत जात नाही.

या वेळचं मात्र वेगळं होतं. तुला मी कधी नीट सांगितलं नाही, आज सांगते. माझे कान गेले तेव्हा ते गेले हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की हल्ली सगळे पुटपुटतात. साहेब मागून हाक मारायचे, मी आपली टाइप करत बसायची. आधी ते चिडले, मग मेमो आला की ही बाई उद्धट आहे, मुद्दाम दुर्लक्ष करते. सात महिने कचेरीत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. डबा खायला मी जिन्यात बसायची. एकालाही वाटलं नाही की हिला विचारावं, बाई, तुम्हाला ऐकू येतं का. शेवटी शिपायाच्या लक्षात आलं, कारण तो एकटाच समोर येऊन बोलायचा आणि मी त्यालाच उत्तर द्यायची.

म्हणून तुझी यादी टाइप करताना माझे हात थांबले. नेमक्या एका जागी, नेमक्या एका वेळी चुकणारा माणूस मुद्दाम चुकत नसतो. हे मला जन्मभर पुरेल इतकं माहीत आहे.

आता तू काय करायचंस ते ऐक. त्या मुलाने गप्प बसायचं ठरवलंय, कानांचं कळल्यावर तसं मीही ठरवलं होतं, लाजेने. त्याने माझा काडीचाही फायदा झाला नाही. त्याला समजाव. शपथ त्याने घातली आहे, तीच त्याच्याकडून सोडवून घे. तू चष्मेवाला आहेस, लोकांना न दिसणारं दाखवणं हाच तुझा धंदा. पंधरा तारखेला त्या कमिटीला दाखव.

आणि आता मोकळा श्वास घे. तुझ्याकडून काहीही वाईट घडलेलं नाही. घडलं असतं, पण घडलेलं नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस, एवढं मागते.

तुझी,
ताई


ता. ६ एप्रिल

ति. ताईस,

सा. न. वि. वि. महिनाभर पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. आधी कारण सांगतो. तुझं पत्र वाचलं आणि दुकानात एकटाच मोठ्याने ‘हुश्श’ म्हणालो. अंगावरून कुणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. तुझ्या वहिनीला बोलावून वाचून दाखवलं, ती रडली आणि मग हसली आणि शिरा करायला गेली. आणि मग शिरा खाता खाता माझ्या डोक्यात उजेड पडला की अकरा वर्षं! कात्रणांची फाईल काढली. ‘चर्चेस पात्र आहे’! हे शब्द मी जन्मात कधी वापरले नाहीत, आणि मी ते फ्रेम करून लावले होते! मग मी रागावलो. पुरते आठ दिवस. नंतर वेळच मिळाला नाही.

लंबूच्या घरी गेलो. आता नाव लिहितो, त्याने परवानगी दिली आहे. दोन खोल्या, दारात त्याचे बूट, माझ्या हातभर लांबीचे. आईंनी दार उघडलं, मला बघून त्या दिवशीचं बाजारातलं आठवलं असावं, पण आत या म्हणाल्या. मी ठरवूनच गेलो होतो. सरळ सांगितलं की माझीही अशी एक वही आहे, मलाही वाटलं होतं की तुम्ही विकले गेलात, आणि तसं लिहून मी ते छापायला पाठवलं होतं. छापलं गेलं नाही ते माझ्या बहिणीची कृपा. तुमच्या तोंडावर सांगितल्याशिवाय तुमच्या डोळ्यांना हात लावायचा मला हक्क नाही.

तो मग उठला, कपाटावर ठेवलेलं पाकीट काढलं (खुर्ची न घेता, अर्थात) आणि माझ्यापुढे ठेवलं. आत टाइप केलेला कागद. माझी यादी! चौदा गोल, तारखा, वेळा, बाजू. शेवटचं वाक्य नाही. त्याच्या जागी चार ओळी, की ही यादी माझ्या भावाची आहे, तो सध्या तुमच्यावर फार चिडलेला आहे, पण डोळे तपासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला हा कागद दाखवू नका, नुसते डोळे दाखवा. खाली माझ्या दुकानाचा पत्ता, आणि दुपारी एक ते दोन तो एकटा असतो.

ताई! ‘पाकिटात गेले आणि पोस्टातही पडले’ म्हणे! आणि मी बसलो होतो विचार करत की गावात सात दुकानं असताना हा माझ्याकडेच कसा आला.

पुढचं ऐक. त्याच्या आईंनीच त्याला पटवलं. त्यांनी इतकंच विचारलं की आंधळा म्हटलं तर मी लोकांना उत्तर देऊ शकते, चोर म्हटलं तर काय सांगू. त्यावर तो मला म्हणाला की चला.

पंधरा तारखेला डॉक्टरांची चिठ्ठी, माझी वही आणि नंबर काढायची फ्रेम घेऊन आम्ही कमिटीपुढे गेलो. लांब टेबल, पाच माणसं, कोपऱ्यात त्या पेपराचा बातमीदार पेन सरसावून. सेक्रेटरी म्हणाले की चिठ्ठ्या काय, कुणीही आणतो. तेव्हा मला जो राग आला तो तू बघायला हवा होतास, टाइप करता आला नसता. मी विचारलं की जरा ही फ्रेम घालून बघता का, एक मिनिटाचं काम. त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे मी दोन-दोन दिसायला लावणाऱ्या काचा चढवल्या, खोलीचे पडदे ओढले, दिवा त्यांच्या तोंडावर फिरवला आणि खिशातून रबरी चेंडू काढून डावीकडून अलगद फेकला. अलगद गं, पोराला फेकतात तसा. सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी हवा पकडली आणि चेंडू नाकावर! पुन्हा फेकला, पुन्हा नाक. तिसऱ्यांदा त्यांनी डोळेच मिटून घेतले. अध्यक्ष आधी खोकले, मग सगळेच हसायला लागले, सेक्रेटरीसुद्धा. मग मी यादी वाचली. तारीख, वेळ, बाजू. अकराव्या गोलाशी आलो तेव्हा कुणीच हसत नव्हतं. कोच उठून लंबूपाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला त्याला टाचा उंच कराव्या लागल्या. आरोप मागे घेतल्याचं तिथल्या तिथे लिहून दिलं. लेन्सने जमलं तर संघात परत, असंही ठरलं.

लेन्स मी स्वतः बसवली. पहिले आठ दिवस पोराच्या डोळ्यांतून नुसतं पाणी, म्हणाला की यापेक्षा गोल खाल्लेले बरे. दहाव्या दिवशी दुकानातला तो छोटा बल्ब लावला आणि विचारलं की किती. तो म्हणाला की एक. पुन्हा विचारलं. एकच. आईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि त्या बसल्या, मीही बसलो.

आणि परवा, चार तारखेला, संध्याकाळचा सामना. मी कधी देवाला सामन्याबद्दल काही मागत नाही, त्याला त्याची कामं आहेत. पण परवा मागितलं. शेवटची पाच मिनिटं, गोल कुणाचाच नाही, आणि डावीकडून उंच चेंडू आला. तोच, अकरा वेळा आलेला. मी वहीने तोंड झाकलं. आरडाओरडा झाला तो वेगळाच वाटला म्हणून वही खाली केली, तर लंबू चेंडू छातीशी धरून पडलेला आणि उठायलाच तयार नाही. सामना शून्य-शून्य सुटला. आपण अजूनही तळाला आहोत, पुढची फळी अजूनही बसची वाट बघते आहे, पण आपण हरलो नाही! शेजारचा कारागीर माझ्या गळ्यात पडला. फोटो परत लावला आहे, या वेळी त्यावर त्याची सही आहे.

आता शेवटचं. पेपराने चूक झाल्याचं छापलंय, पण सातव्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणून सोबत पत्र धाडतो आहे. त्यात मी कोण, मी काय समजलो होतो, काय लिहिलं होतं आणि बत्तीस वर्षं डोळे तपासून माझ्याच डोळ्यांवर कशी पट्टी होती, ते सगळं माझ्या नावानिशी लिहिलं आहे. ताई, हे पत्र तू माझ्या शब्दांत पाठवायचंस. एक स्वल्पविराम हलवायचा नाही. ‘चर्चेस पात्र’ तर अजिबात नाही.

कळावे. तुझा लोभ अकरा वर्षं माझ्या नकळत माझ्यासाठी काम करत होता, तो असाच चोरून चालू राहावा.

तुझा,
धाकटा


ता. १९ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आणि लंबूला निम्मे, म्हणजे पोचतील तिथवर.

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नाकावर चेंडूपाशी हे इतके हसले की मला ऐकू आलं. लेन्सच्या दिव्यापाशी मात्र मला पुढे वाचता येईना, ते त्यांनी वाचलं. फार बरं वाटलं रे. त्या माउलीला सांग की एकदा मला भेटायचं आहे, फक्त बोलायचं समोर बसून.

तू सांगितल्याप्रमाणे एक स्वल्पविरामही हलवला नाही. ‘गोल’च्या जागी तू तीनदा ‘गेला’ लिहिलं आहेस, तेसुद्धा तसंच ठेवलं. या वेळी पोस्टावर न सोडता स्वतः जाऊन संपादकाच्या टेबलावर ठेवलं, त्यांनी माझ्यादेखत वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि नक्की छापतो म्हणाले.

काल छापून आलं. कात्रण सोबत आहे, मन घट्ट करून बघ. तुझ्या साडेचार पानांतलं त्यांनी एवढंच ठेवलं आहे: ‘मैदानावरील दिव्यांच्या झगमगाटाने खेळाडूंच्या दृष्टीस त्रास होतो काय, हे चर्चेस पात्र आहे, असे एक चष्मेविक्रेते कळवतात.’

हे शब्द माझे नाहीत, शपथ. आता तरी कळलं ना, अकरा वर्षं मी तुझ्यासाठी काय करत होते?

पण जिवाला लावून घेऊ नकोस. टाइप करताना मी कार्बन घातला होता. साडेचारच्या साडेचार पानं, सगळ्या चुकांसकट, तुझ्या सहीच्या जागी तुझं पूर्ण नाव. ती प्रत मी मागच्यासारखीच योग्य त्या पत्त्यावर टाकली आहे. तिथे खुर्ची न घेता हात पोचतो असं उंच कपाट आहे, तिथे ती नीट राहील.

गोळ्या घे. पुढच्या सामन्याचं लिही, हरलात तरी.

तुझी,
ताई